वाढत्या अंगाची बंदूक नको



आज जरा वेगळाच विषय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी दचकायला नको. आज आपण बंदुकीबद्दल बोलणार आहोत. स्वयंपाकघर, शाळा, आजारपण, पाऊसपाणी यावर लिहिणारी बाई बंदुकीवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण गेल्या ऑगस्टमध्ये एक फोन आला आणि विचार करावाच लागला.

फोन होता माझ्या आतेभावाचा. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. त्याची मुलगी तेरा वर्षांची, अंगानं अगदी बारकी. शेजारच्या मैत्रिणीच्या घरी सगळे हरणाच्या शिकारीला जातात. तिथे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस, बंदुकीनं हरणाची शिकार करायला सरकारी परवानगी असते. मैत्रिणीबरोबर आमच्या भाचीनंही शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला आणि परीक्षा पास झाली. आता तिला स्वतःची रायफल हवी होती.

"ताई, दुकानात एक बघून ठेवलीये," भाऊ म्हणाला. "मोठ्या माणसाचीच घेतो. थर्टी-ऑट-सिक्स. आता थोडी मोठी होईल तिला, पण वाढतं अंग आहे. दोन वर्षांत बसेल."

मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. शाळेचा गणवेश घेताना आपल्या आया हेच म्हणायच्या. "वाढत्या अंगाचा द्या हो!" मग जूनमध्ये बाह्या कोपराखाली लोंबायच्या आणि फ्रॉक पोटरीपर्यंत यायचा. गणवेशाचं ठीक आहे, लोक हसतात आणि विसरतात. वाढत्या अंगाची बंदूक मात्र कधीच घेऊ नये. का, ते मला माझ्या खांद्यानं शिकवलंय.

नारळ आणि माझा खांदा

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, आम्ही मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या कामानिमित्त म्हैसूर जिल्ह्यात आले आणि बेट्टदपुरातच स्थिरावले. गावाला लागून डोंगर, वर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ, खाली तंबाखूची आणि मक्याची शेतं. इथून तासाभराच्या आत कुशालनगर येतं आणि तिथून कोडगू, म्हणजे आपलं कुर्ग, सुरू होतं.

कोडव लोकांच्या घरी बंदूक ही देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी असते. इंग्रजांच्या काळापासून त्यांना शस्त्रपरवान्यातून सूट आहे. ही सूट योग्य आहे का, असा प्रश्न न्यायालयातही गेला होता. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. भातलावणी संपली की सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा कैलपोळ्द हा सण येतो. आपली खंडेनवमी जशी, तसाच. बंदुका पुसून, त्यांना कळलावीची लाल-पिवळी फुलं वाहून पूजा करतात. मग जेवणं आणि त्यानंतर नेमबाजी. उंच झाडाला नारळ बांधतात आणि तो फोडायचा.

वडिलांचे एक कोडव मित्र आम्हाला दर वर्षी बोलवायचे. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या अंगणात हट्ट धरला, "मलाही नारळ फोडायचाय." मोठी माणसं हसली आणि कोणीतरी बारा बोअरची दुनळी माझ्या हातात दिली.

दस्ता इतका लांब की खांद्यावर टेकवला तर बोट चापापर्यंत पोचेना. म्हणून मी तो काखेत धरला. नळी जड, ती खाली झुकायला लागली, म्हणून कंबर मागे वाकवली. मागून कोणीतरी ओरडलं, "घट्ट धर!" मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

नारळ जागच्या जागी राहिला. मी मात्र मागे आदळले. दंड आठवडाभर काळानिळा होता आणि कानात दुसऱ्या दिवसापर्यंत शिट्टी वाजत होती. त्यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. प्रेमानंच दिली होती बंदूक. पण त्या एका बारानं मला डोळे मिटायला शिकवलं. पुढे कितीतरी वर्षं दिवाळीतला लवंगी फटाका वाजला तरी माझा खांदा आपोआप वर जायचा.

नेमबाजीत याला फार मोठी खोड मानतात. बार उडण्याच्या आधीच शरीर दचकतं, डोळा मिटतो, हात ओढला जातो. लागायला एक बार पुरतो, सुटायला महिने जातात. आणि ही खोड बहुतेकदा लहान चणीच्या किंवा नव्या माणसाच्या हाती मोठ्या माणसाची बंदूक दिल्यामुळेच लागते.

कोल्हापुरात पाहिलेली चाळीस मिनिटं

या गोष्टीची दुसरी बाजू मला खूप वर्षांनी कोल्हापुरात दिसली. कोल्हापूर आणि नेमबाजी हे नातं आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेजस्विनी सावंत इथल्याच. २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये त्या विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक आणलं, तेव्हा तर आख्खा जिल्हा नाचला.

माझ्या मावसबहिणीची मुलगी तिथे एअर रायफल शिकायला जायची. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर मी गेले होते. मला वाटलं, आता हिच्या हातात रायफल देतील आणि "मार" म्हणतील. प्रशिक्षकांनी चाळीस मिनिटं एकही छर्रा उडवू दिला नाही. आधी दस्त्याची लांबी कमी केली. मग खांद्याला टेकणारी पट्टी खाली घेतली, गाल टेकायची पट्टी वर केली. मग म्हणाले, "डोळे मीट. रायफल खांद्याला लाव. गाल टेकव. आता डोळे उघड."

तिनं डोळे उघडले. "काय दिसतंय?"

"काळी कड दिसतेय, सर. गोल नीट दिसत नाही."

पुन्हा पाना फिरवला. पुन्हा डोळे मीट, उघड. चौथ्या की पाचव्या वेळी ती म्हणाली, "आता सरळ समोर दिसतंय."

"झालं," ते म्हणाले. "आता ही बंदूक तुझी."

मी बाकावर बसून हे बघत होते आणि मला माझा काळानिळा दंड आठवत होता. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. तो टिपायला ताकद लागत नाही. बंदूक अंगाला बसावी लागते.

म्हणून भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "थांब. पैसे देऊ नकोस. मी विचारून सांगते." कोडगूतल्या जाणत्या मंडळींना विचारलं, कोल्हापूरला फोन केला, थोडं वाचलं. मग भावाला जे सांगितलं, तेच इथे देते.

पहिलं: लांबी

दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच, म्हणजे ३४-३५ सेंटिमीटर असतं. लहान चणीच्या माणसाला १२ ते १३ इंच पुरतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचलं तर लांबी जवळपास बरोबर. ओढूनताणून पोचत असेल तर बंदूक मोठी.

पण इथे एक गंमत आहे. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात कडाक्याची थंडी असते. अंगावर स्वेटर, त्यावर जाड कोट. कोटाची जाडी लांबीत मिळते. दुकानात टी-शर्टवर बरोबर बसलेली रायफल जंगलात मोठी होते. म्हणून भावाला म्हटलं, "ऑगस्ट असला तरी पोरीचा हिवाळी कोट बरोबर घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू दे."

आता अशा छोट्या रायफली तयारच मिळतात. रुगर कंपनीच्या अमेरिकन कॉम्पॅक्टमध्ये दस्त्याची लांबी साडेबारा इंच आणि नळी १८ इंच असते. मॉसबर्गच्या सुपर बँटममध्ये दस्त्याला एक तुकडा जोडून बारा इंचांचे तेरा करता येतात. म्हणजे "वाढत्या अंगाची" हौस अशी भागवावी. आज अंगाला बसेल अशी घ्यायची आणि अंग वाढलं की तुकडा जोडायचा. शिवणकाम करणाऱ्या बायका फ्रॉकच्या आत चार बोटं दुमड ठेवतात ना, तसंच.

दुसरं: वजन आणि धक्का

इथे बहुतेक लोक चुकतात. लहान मुलासाठी हलकी बंदूक बरी, असं वाटतं. उचलायला बरी, हे खरं. पण तेच काडतूस हलक्या बंदुकीतून उडवलं की धक्का जास्त बसतो. हातगाडीवर उभं राहून पुढे उडी मारा, गाडी मागे पळते. बैलगाडीवरून मारा, ती जागची हलत नाही. बंदुकीचंही असंच आहे.

मग करायचं काय? बंदूक छोटी आणि बेताच्या वजनाची घ्यायची, पण काडतूस मवाळ निवडायचं.

भावानं बघितलेलं थर्टी-ऑट-सिक्स हे अमेरिकन लष्करानं १९०६ साली स्वीकारलेलं काडतूस. नावातला सहा त्याच सालातला. चांगलंच आहे, पण तरण्याताठ्या शिपायांसाठी बनवलेलं. त्याच्या तुलनेत .२४३ विंचेस्टर हे काडतूस सारख्याच वजनाच्या रायफलीतून साधारण निम्मा धक्का देतं आणि योग्य अंतरावरच्या हरणाला पुरेसं असतं. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ ही दोन या दोघांच्या मधली. नव्या नेमबाजाला या तिघांपैकी एक पुरे.

"पण ताई, छोटं काडतूस म्हणजे पोरखेळ वाटतो," भाऊ म्हणाला. मी त्याला जिम कॉर्बेटचं उदाहरण दिलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना सरकारातून जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी. म्हणजे सात मिलिमीटरची गोळी, वजनाला हलकी, सुटसुटीत. पुढे ती त्यांची आवडती झाली. नरभक्षकामागे हिंडणाऱ्या माणसाला ती पोरखेळ वाटली नाही, तर हरणासाठी आपल्याला कशाला वाटावी?

आणि एक. धक्का कमी करायला काही जण नळीच्या तोंडाला भोकं असलेलं टोपण बसवतात. धक्का कमी होतो खरा, पण आवाज वाढून बाजूच्यांच्या आणि स्वतःच्याही कानांवर आदळतो. मुलांसाठी ते नको. तसंही बंदुकीचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. त्यामुळे कानावर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कितीही मोठा माणूस असला तरी. माझ्या कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशी थांबली, हे माझं नशीब.

तिसरं: दुर्बीण

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीत मोठा आकडा म्हणजे चांगली, असं नव्या माणसाला वाटतं. मोबाइलचा कॅमेरा घेताना नाही का आपण मेगापिक्सेल विचारत! पण जास्त मोठं दिसणाऱ्या दुर्बिणीत चित्र थरथरतं आणि आजूबाजूचं काही दिसत नाही. हरीण समोर असतं आणि पोरगी दुर्बिणीतून झाडाच्या साली बघत बसते. दोन ते सात पट किंवा तीन ते नऊ पट, एवढी पुष्कळ. आणि जंगलात ती सगळ्यात कमी आकड्यावर ठेवावी.

डोळा आणि दुर्बिणीची काच यांत साधारण साडेतीन इंच, म्हणजे नऊ सेंटिमीटर अंतर राहायला हवं. दस्ता लांब असला की लहान माणूस मान पुढे ताणतो, डोळा काचेजवळ जातो आणि बार उडाला की दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. शिकाऱ्यांच्या भुवईवर अशी चंद्रकोरीची खूण कधी कधी दिसते. ती शौर्याची खूण नाही, माप चुकल्याची आहे.

म्हणून दुर्बीण दुकानदाराच्या डोळ्याला बसवू नये, जिची बंदूक तिच्याच डोळ्याला बसवावी. कोल्हापूरची युक्ती इथेही चालते. कोट घालायचा, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला, गाल दस्त्याला आणि डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर दुर्बीण जागेवर आहे. कडेला काळी सावली आली तर ती पुढे-मागे सरकवायची. गाल टेकत नसेल तर दस्त्यावर गालपट्टी लावायची.

आणखी एक तपासणी तुम्ही आत्ता बसल्या जागी करू शकता. दोन्ही हात समोर लांब करा, तळव्यांच्या मधे छोटी खिडकी करा आणि त्यातून लांबची एखादी वस्तू बघा. मी आमच्या डोंगरावरचं देऊळ बघते. आता एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीतच दिसते, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या काही माणसांचा मुख्य डोळा डावा असतो. तसं असेल तर आधीच प्रशिक्षकाला सांगा, नाहीतर मूल महिनोन्महिने चुकत राहतं आणि आपण त्याला "लक्ष नाही तुझं" म्हणून रागावत राहतो.

दुर्बिणीबद्दल शेवटचं. ती माणसं बघायची वस्तू नाही. झुडपामागे कोण हलतंय ते बघायला रायफल उचलली, म्हणजे कदाचित एखाद्या माणसावरच नळी रोखली. त्यासाठी गळ्यात वेगळी साधी दुर्बीण असावी. विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्यांनी भडक नारिंगी कपडे घालायचा नियम आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. भाचीला गुलाबी हवा होता. भाऊ म्हणाला, "मग रायफलही गुलाबी दस्त्याची घेऊ का?" मी म्हटलं, "कोट गुलाबी घे, लांबून दिसतो. रायफलीचा रंग बघू नकोस, माप बघ."

चौथं: सुरुवात

मोठी रायफल घेतली तरी पहिले काही महिने सराव .२२ च्या छोट्या रायफलीवर किंवा एअर रायफलवर. त्यांना धक्का जवळजवळ नसतोच. चाप हळूच दाबणं, श्वास, नजर, सगळं तिथेच बसतं. मोठ्या रायफलीची एका वेळी पाच-सहा काडतुसं, मग थांबायचं. "अजून एक" म्हणणाऱ्या बापालाही थांबवायचं.

मूल दचकतंय का, हे कळायला प्रशिक्षक एक युक्ती करतात. त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादं सरावाचं पोकळ काडतूस मिसळतात. चाप ओढला, बार झाला नाही, तरी नळी खाली झुकली तर खोड लागतेय. मग रागवायचं नाही. मोठी रायफल बाजूला ठेवून पुन्हा छोटीवर जायचं.

आणि नियम तर पाठच हवेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं. जिथे गोळी जायला नको तिथे नळी कधी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. निशाणाच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बार काढायचा नाही. घरी आल्यावर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे.

आपल्याकडे काय?

इथले वाचक विचारतील, ताई, हे सगळं अमेरिकेचं झालं, आमचं काय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आमच्याकडे रानडुकरं मक्याचा फडशा पाडतात, पलीकडे नागरहोळेचं जंगल आहे, हत्तीही येतात. तरी रागाच्या भरात बंदूक उचलायची मुभा कोणाला नाही. बंदुकीचा परवानाही २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी कायद्यात वेगळी सोय आहे, ती क्लबच्या माध्यमातून आणि देखरेखीखाली.

म्हणून आपल्या मुलांसाठी योग्य दार म्हणजे एअर रायफल. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं. तरी ती खेळणं नाही. तिच्या छर्र्यानं डोळा जाऊ शकतो, पक्षी मरतो आणि पक्षी मारणं हाही गुन्हाच.

स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफलवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राचं चकतं आणि पुढे नळीच्या टोकाला माशी, यांतूनच नेम धरायचा. ही रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या पाठीला ते फार होतं. म्हणून चांगला प्रशिक्षक आधी टेकूवर रायफल ठेवून शिकवतो किंवा मुलांसाठीची हलकी रायफल देतो. क्लब निवडताना पदकांच्या फोटोंबरोबर हेही बघा, की पहिल्या दिवशी ते रायफल मुलाच्या मापाची करतात की मुलाला रायफलीच्या मापाचं व्हायला सांगतात.

आणि कोणी हौसेनं घरच्या स्प्रिंगच्या एअरगनवर दुर्बीण लावणार असेल, तर एअरगनसाठी बनवलेलीच घ्या. स्प्रिंगचा झटका आधी मागे आणि मग पुढे बसतो. साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा त्यानं ढिल्या होतात. शिवाय एअरगनची दुर्बीण दहा मीटरवरही स्पष्ट दिसेल अशी जुळवता येते.

मग काय झालं?

भाऊ ऐकणारा निघाला. ऑगस्टच्या उकाड्यात पोरीला हिवाळी कोट घालून दुकानात घेऊन गेला. तीन रायफली तिनं डोळे मिटून-उघडून पाहिल्या. शेवटी .२४३ ची एक छोटी रायफल ठरली, वर तीन ते नऊ पटीची साधी दुर्बीण. थर्टी-ऑट-सिक्स दुकानातच राहिली.

शिकार करावी की करू नये, यावर मी त्यांना काही बोलले नाही. तो त्यांच्या घरचा, त्यांच्या मुलखाचा प्रश्न. फक्त एवढंच म्हटलं होतं, "अंगाला न बसणाऱ्या बंदुकीनं नेम चुकतो, आणि चुकलेल्या नेमाचं हरीण लगेच मरत नाही. ते लंगडत रानात जातं. ते लक्षात ठेव."

नोव्हेंबरच्या शेवटी भाचीचा फोन आला. त्या वयाच्या मुलाबरोबर तिथे मोठं माणूस असावंच लागतं, म्हणून बाप-लेक दोघं मचाणावर बसायचे. तिसऱ्या दिवशी एक हरीण आलं.

"आत्या, मी रायफल लावली. दुर्बिणीत अगदी नीट दिसत होतं. पण त्याच्यापुढे फांद्या होत्या. बाबा म्हणाले, तुला वाटलं तर मार. मला नाही वाटलं. मी बोट बाहेरच ठेवलं. ते गेलं निघून."

"वाईट वाटलं?"

"थोडं. पण मला भीती नाही वाटली, आत्या. मी डोळे उघडेच ठेवले होते."

मंडळी, त्या वाक्याला मी काय उत्तर देणार? अकरा वर्षांची असताना डोळे मिटून बार काढणारी मी, आणि तेराव्या वर्षी डोळे उघडे ठेवून बार न काढणारी ती. तिला पूर्ण दिसत होतं, बंदूक तिच्या ताब्यात होती, म्हणून तिला "नको" म्हणता आलं. मोठ्या बंदुकीमागे धडपडणाऱ्या मुलाला विचार करायला सवड नसते, त्याचा सगळा जीव ती सांभाळण्यातच जातो.

हे फक्त बंदुकीपुरतं नाही. मुलाच्या हाती सायकल द्या, बॅट द्या, वीणा द्या, आज त्याच्या मापाची द्या. उद्याचं माप उद्या बघू.

तुमच्या घरी "वाढत्या अंगाची" म्हणून आणलेली आणि फसलेली कोणती वस्तू आहे? जरूर कळवा. आमच्याकडे एक सायकल होती, तिची गोष्ट पुढच्या वेळी.

तोपर्यंत, काळजी घ्या.